पिकअपचा आस आणि कायद्याची वाट

मालवाहू पिकअपच्या पुढच्या चाकांना कारखान्याने दिलेली स्वतंत्र झुलती रचना काढून टाकावी आणि तिच्या जागी पाट्यांवर बसवलेला एकसंध, सलग आस घालावा, ही कल्पना प्रथमदर्शनी केवळ गॅरेजातील मिस्त्रींच्या कुतूहलाची वाटेल. वर्तमानपत्राच्या अग्रलेखाच्या पानावर तिची चर्चा कशाला, असाही प्रश्न पडेल. परंतु ज्या वाहनावर आज ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्राचा निम्मा संसार इकडून तिकडे जातो, त्या वाहनाची पुढची दोन चाके कशाच्या आधारावर फिरतात, तो आधार कोणी बदलावा आणि बदलल्यावर तो कोणी तपासावा, हा प्रश्न लोकांच्या जिवाशी निगडित आहे. त्यावर कायद्याने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. ते पुरेसे मात्र नाही.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे हे गाव आता जुन्या अर्थाने गाव राहिलेले नाही. येथे प्रथम विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पित झाली. एवढी वस्ती शहराबाहेर वसली की तिच्यामागे वाळू, सिमेंट, फरशी, गॅसच्या टाक्या, भाजीपाला आणि घरसामान हे सारे चाकांवर येते. शिवाय भोवतालच्या खेड्यांतून सोलापूरच्या बाजार समितीत जाणारा कांदा आहेच. या सगळ्या वाहतुकीचा मोठा भाग पिकअपच्या मालकांच्या हाती असतो. यातील पुष्कळजण एकाच गाडीचे मालक आणि तिचेच चालक असतात. गाडीचा हप्ता आणि घरातली चूल एकाच चाकावर फिरते.

हा मालक एका दिवसात दोन वेगळ्या जगांतून गाडी नेतो. सकाळी शेताच्या बांधापासून निघताना त्याच्या चाकाखाली काळ्या मातीवरचा रस्ता असतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचे डांबर दोन-तीन वर्षांत लाटा घेऊन बसते. तासाभरात तीच गाडी चौपदरी झालेल्या महामार्गावर येते आणि तेथे ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने धावू लागते. पहिला रस्ता एक प्रकारचा आस मागतो, दुसरा दुसऱ्या प्रकारचा. सगळा पेच येथेच आहे.

दोन्ही रचनांतला भेद समजण्यास अवघड नाही. सलग आसात डावे आणि उजवे चाक एकाच भक्कम दांड्याच्या दोन टोकांना असते आणि तो दांडा पोलादी पाट्यांच्या कमानीवर यू-बोल्टने आवळलेला असतो. बैलगाडीचा कणा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही तिरपे होते. पण भार कितीही आला तरी दोन्ही चाकांचा एकमेकांशी असलेला कोन बदलत नाही. स्वतंत्र रचनेत प्रत्येक चाक आपापल्या वरच्या आणि खालच्या भुजांवर वेगळे झुलते. त्याला उसळी देणारी स्प्रिंग गुंडाळीची असते किंवा पिळाच्या सळईची. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचत नाही, गाडी मऊ चालते, वेगात हाताशी राहते. मात्र या भुजांचे बुश आणि बॉल जॉइंट झिजू लागले की चाक आत-बाहेर कलते, टायर एकाच कडेने खाल्ला जातो आणि अलाइनमेंटसाठी वारंवार शहर गाठावे लागते. पाटा तुटला तर गावातला लोहारही गाडी घरी पोचेल इतकी सोय करून देतो. बॉल जॉइंट निसटला तर चाक जागीच आडवे होते.

मिस्त्रीला सलग आसाचे प्रेम का वाटते, हे यातून ध्यानात येईल. हे प्रेम अडाणीपणाचे नाही. १९४७ पासून मुंबईत जुळवल्या जाऊ लागलेल्या विलिस जीपला पुढे आणि मागे दोन्हीकडे पाट्यांवरचे सलग आस होते; जबलपूरच्या लष्करी कारखान्यातून निघालेल्या जोंगालाही तसेच. याउलट शहरी रस्त्यांवरच्या फियाट आणि अॅम्बॅसॅडर या दोन्ही मोटारींना पुढे स्वतंत्र रचना होती. म्हणजे साहेब आणि टॅक्सीचा उतारू एका रचनेवर बसत होता, तर तलाठी, पोलीस आणि ऊसतोड मुकादम दुसरीवर. २००५ साली आलेला आणि गल्लोगल्ली ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला गेलेला टाटा एस पाहा. त्याच्याही पुढच्या चाकांना कारखान्यानेच पाट्यांचा सलग आस दिला. तेव्हा सलग आस म्हणजे मागासलेपणा, हा समज चुकीचा आहे. भाराच्या गाडीला तो शोभतो आणि काही कारखानदारांनी तो जाणूनबुजून निवडला आहे.

मग जगाने स्वतंत्र रचना का स्वीकारली, हेही पाहिले पाहिजे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोटारींचा वेग वाढला, टायर रुंद आणि मऊ झाले, आणि सलग आसाच्या गाड्यांत एक विचित्र रोग दिसू लागला. ठरावीक वेगाला पुढची दोन्ही चाके थरथरू लागत आणि स्टिअरिंग हातातून निसटू पाही. फिरते चाक हा एक मोठा भोवराच असतो. त्याचा आस तिरपा केला की ते आपोआप बाजूला वळू पाहते. सलग आसावर एक चाक वर उचलले गेले की दोन्ही भोवरे एकदम तिरपे होतात, दोन्ही वळू पाहतात आणि ही थरथर स्वतःलाच पोसत जाते. १९३४ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने आपल्या मोटारींना पुढे स्वतंत्र रचना दिली, त्यामागे प्रवाशांच्या सुखाइतकाच या थरथरीचाही विचार होता. ट्रक मात्र सलग आसावरच राहिले, कारण त्यांचा वेग बेताचा आणि भार अचाट. पुढे टोयोटाने आपल्या चार चाकांना जोर देणाऱ्या पिकअपमधून ऐंशीच्या दशकाच्या मध्यास पुढचा सलग आस काढला, तेव्हा डोंगरदऱ्यांत गाड्या घालणाऱ्या हौशी अमेरिकनांनी तो पुन्हा घालून घेण्याचा सपाटाच लावला. आपल्याकडेही २०१० च्या महिंद्रा थारच्या पुढच्या स्वतंत्र रचनेला काढून सलग आस बसवणारे हौशी मालक आहेत. त्यांच्याजवळ पैसा असतो, मोकळा वेळ असतो आणि रविवारी चिखलात रुतलेली गाडी ओढायला चार मित्रही असतात. कुंभारीच्या पिकअपवाल्याचा प्रश्न त्या जातीचा नाही. त्याला चिखलात गंमत नको आहे. फेरी पुरी व्हायला हवी आहे.

त्याची अपेक्षा अशी असते की पुढे सलग आस घातला म्हणजे गाडी जास्त भार पेलेल. येथे शाळकरी गणिताचा आधार घेतलेला बरा. समजा, पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या आसांत तीन मीटरचे अंतर आहे आणि हौद्यात भरलेल्या मालाचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या तीस सेंटिमीटर पुढे पडतो. अशा वेळी हजार किलो जादा माल चढवला, तर त्यातले शंभर किलो पुढच्या आसावर येतात आणि नऊशे किलो मागच्यावर जातात. माल आणखी मागे सरकून गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या तीस सेंटिमीटर पलीकडे गेला, तर पुढच्या आसावरचे वजन उलट शंभर किलोंनी कमी होते आणि मागच्यावर अकराशे पडतात. हौद्याच्या मागच्या फळीबाहेर लोंबणाऱ्या सळया घेऊन जाणाऱ्या पिकअपचे तोंड वर उचललेले दिसते ते याच कारणाने. जादा भार प्रामुख्याने मागचा आस, मागचे टायर, चासी आणि ब्रेक यांच्या अंगावर येतो. पुढचा आस बदलून यांपैकी एकाचेही बळ तसूभर वाढत नाही. वजन दीडपट झाले की त्याच वेगातून थांबण्यासाठी ब्रेकला दीडपट ऊर्जा पचवावी लागते. ते ब्रेक तर कारखान्याने दिलेलेच असतात.

पुढचे बुश आणि जॉइंट लवकर झिजतात ही मालकाची तक्रार खोटी नाही. पण त्या झिजेचे मूळ रस्त्यातल्या खड्ड्यांत आणि त्या खड्ड्यांवरून भरल्या गाडीने राखलेल्या वेगात अधिक आहे. सलग आस ते धक्के अधिक सोसेल, हेही मान्य. परंतु तो सोसत असताना चासीला आणि चालकाच्या मनगटाला किती हिसके देईल, याचा हिशेब बदल करताना सहसा मांडला जात नाही.

खरा धोका याच्याही पुढचा आहे. आस बदलणे म्हणजे दांडा बदलणे एवढेच नव्हे. त्याबरोबर संपूर्ण स्टिअरिंगची रचना बदलते. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून किंचित मागे झुकलेला असतो, म्हणूनच हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. मोटारीच्या पुढच्या चाकाच्या वळणखुंटीलाही असाच काही अंशांचा झुकाव दिलेला असतो. पाट्याची बैठक वेल्डिंग करताना दोन-तीन अंश इकडेतिकडे झाली तर हा झुकाव नाहीसा होतो आणि गाडी वेगात भरकटते. दुसरी बाब अशी की पाटा दबताना आस एका वर्तुळखंडावरून फिरतो आणि स्टिअरिंगच्या पेटीपासून चाकाकडे जाणारा दांडा दुसऱ्या वर्तुळखंडावरून. कारखान्यात हे दोन खंड एकमेकांशी जुळवलेले असतात. ते जुळले नाहीत, तर प्रत्येक उंचवट्यावर चालकाने हात न हलवताही चाक आपणहून थोडे वळते. मूळ गाडीत दातेरी पट्टीचे स्टिअरिंग असेल, तर ते सलग आसाला सोयीचेच नसते. पेटी, तिचा आधार, दांडे सगळेच नवे लागते. इंजिनखाली आसाला जागा हवी म्हणून गाडी उंच करावी लागली तर गुरुत्वमध्यही वर जातो, आणि ब्रेकच्या नळ्या पूर्वीच्याच लांबीच्या राहिल्या तर आस खाली झुलताना त्या ताणल्या जातात. यांतली एकही चूक गॅरेजच्या अंगणात दिसत नाही. ती दिसते भरल्या गाडीने, ऐंशीच्या वेगात, चौपदरी रस्त्यावर. आणि त्या वेळी हौद्यात कायद्याला न जुमानता बसलेली माणसेही असतात, हे कोणी नाकारू नये.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये मूळ तरतूद अशी होती की मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला सूचना देऊन आणि त्याची संमती घेऊन वाहनात फेरफार करावा. २००० सालच्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही फेरफार करता येणार नाही, असे कलमाचे नवे शब्द आहेत. आणि फेरफार म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल, असे स्पष्टीकरण त्याला जोडलेले आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे शब्द काटेकोरपणे लागू होतात असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार, हा दंड वेगळाच.

बंदीमागचा हेतू योग्य आहे, हे निःसंशय. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक नमुन्याची चाचणी होते, आणि चाचणी झालेल्या वस्तूत कोणीही मनास येईल तसा बदल करू लागला तर चाचणीला अर्थच राहत नाही. परंतु एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन असते, भरल्या गाडीचे असते, आसांवरचे वजन असते, टायरांचे वर्णन असते. पुढची चाके स्वतंत्र झुलतात की सलग आसावर आहेत, याचा रकाना मात्र नसतो. म्हणजे बदल गुन्हा आहे, पण पुस्तक उघडून तो ओळखण्याची सोय नाही. आणि जो मालक चांगल्या मिस्त्रीकडून, नवे सुटे भाग घेऊन, मोजमाप करून हे काम करून घेऊ इच्छितो, त्याला ते काम तपासून घेण्यासाठी जाण्याचे ठिकाण नाही. भंगारातला आस आणून रातोरात वेल्ड करणारा आणि हा, दोघे कायद्याच्या लेखी सारखेच. अशा वेळी स्वस्त काम करणाराच टिकतो. अपघात झाला की विमा कंपनी अनधिकृत फेरफाराकडे बोट दाखवते आणि नुकसानभरपाईचे ओझे त्या एकगाडी मालकाच्या घरावर येऊन आदळते. किंवा ज्याचा काही दोष नाही अशा जखमी मजुराला कज्जे लढवीत बसावे लागते.

यावर उपाय कायद्यातच अन्यत्र सापडतो. पेट्रोलची गाडी सीएनजीवर करून घेण्याची मुभा त्याच कलम ५२ मध्ये आहे. तेथे मालकाच्या किंवा मिस्त्रीच्या कल्पनेवर काम चालत नाही. संच चाचणी संस्थेने मान्य केलेला असतो, तो कोणत्या नमुन्याच्या गाडीला चालेल हे ठरलेले असते, बसवणारी कार्यशाळा अधिकृत असते आणि शेवटी बदलाची नोंद पुस्तकात होते. वायूने भरलेली टाकी गाडीत बसवण्याइतके जोखमीचे काम जर या पद्धतीने होऊ शकते, तर पिकअपच्या ठरावीक नमुन्यांसाठी आस, पाटे, स्टिअरिंगचे दांडे आणि ब्रेकच्या नळ्या यांचा एकत्र, चाचणी झालेला संच का होऊ शकत नाही? त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आणि केंद्रीय रस्ते परिवहन संस्था या दोन्ही चाचणी संस्था पुण्यात आहेत, लष्करी वाहनांची संशोधन संस्था अहिल्यानगरला आहे. वाहनांच्या चाचणीची एवढी यंत्रणा एकाच राज्यात क्वचितच एकवटली असेल, आणि तरीही त्याच राज्यातल्या गॅरेजात एक अंश कोन डोळ्याने जोखला जावा, हे शोभणारे नाही. संच तयार करण्याची पहिली जबाबदारी उत्पादकांवर टाकावी लागेल. ज्या कंपन्या एका पिकअपला पुढे पाटे देतात आणि दुसरीला भुजा, त्यांना दोन्हींचे गणित ठाऊक आहे.

असा संच निघाला, तरी त्याने वहनक्षमता एक किलोनेही वाढणार नाही, हे पुस्तकात आणि गाडीच्या हौद्यावर ठळक अक्षरांत लिहावे लागेल. कारण पुष्कळांचा मूळ मोह तोच आहे. काहींचे म्हणणे असे पडेल की मग अशा संचाला गिऱ्हाईकच मिळणार नाही. तसे झाले, तर जादा भारासाठीच आस बदलला जात होता हे आपोआप सिद्ध होईल आणि प्रश्न वजनकाट्यावर सोडवावा लागेल. मात्र खड्ड्यांनी खरोखर बेजार झालेले, नियमात भार नेणारे मालकही आहेत. त्यांना वाट मिळालीच पाहिजे. त्या वाटेइतकेच गावाला जोडणारे अंतर्गत रस्ते काळ्या मातीचा विचार करून, पायात मुरूम आणि निचरा नीट देऊन बांधले जाणे महत्त्वाचे आहे. चौपदरी रस्त्याचे उद्घाटन होते, बांधावरच्या रस्त्याचे होत नाही. बॉल जॉइंट मात्र बांधावरच तुटतो.

दरम्यान जे होण्यासारखे आहे ते लगेच व्हावे. सोलापूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आणि तंत्रनिकेतनात मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना इंजिन उघडता येते. पाट्यावरच्या गाडीचा वळणखुंटीचा झुकाव मोजणे आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा वर्तुळखंड कागदावर काढून पाहणे, हेही त्यांच्या प्रात्यक्षिकात यावे. वर्षानुवर्षे आस बसवणाऱ्या मिस्त्रींना त्याच कार्यशाळेत चार दिवस बोलावून त्यांचे हातातले ज्ञान आणि मुलांचे कोनमापक एकत्र आणावे. पासिंगच्या वेळी गाडी खड्ड्यावर उभी करून तिच्या पुढच्या भागात नवे वेल्डिंग आहे काय, दांडे दोन्ही बाजूंना समांतर आहेत काय, आस पूर्ण खाली झुलल्यावर ब्रेकची नळी सैल राहते काय, एवढे पाहायला दहा मिनिटांहून अधिक लागत नाहीत. हे जिथे सापडेल तिथे नुसता दंड घेऊन गाडी सोडू नये. दोष लेखी दाखवून तो दुरुस्त होईपर्यंत ती रस्त्यावर येऊ देऊ नये. पाच हजारांची पावती फाडून तीच गाडी त्याच संध्याकाळी कांदा भरून महामार्गावर धावू लागली, तर त्या पावतीने स्टिअरिंगचा एकही दांडा सरळ झालेला नसतो.